अस्वलाची हरवलेली झोप

या, असे पुढे सरका. चटईवर अजून दोघांना जागा आहे. मांड्या जरा आवळून घेतल्या तर तिघंही मावतील. ज्यांना कीर्तनात डुलकी लागते त्यांनी खांबाला टेकून बसावं, लाजू नये. देव डुलणाऱ्यांवर रागावत नाही, आणि आजची गोष्टही झोपेचीच आहे. एका अस्वलाची झोप हरवली, आणि ती शोधता शोधता शिसवपाड्याच्या एका घरात काल्याच्या दिवशी कशी पळापळ झाली, ते ऐकवायचं आहे. सगळं भर दिवसा घडलं, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. ज्यांचे मामा प्रवासात असतील त्यांनी एक फोन करून घ्यावा.

तर सप्ताहाचा आठवा दिवस, सोमवार, सकाळचे साडेसात. अनंताच्या पडवीत त्याच्या लेकीनं, रुपालीनं, आपल्या पहिल्या पुस्तकाची चित्रं ओळीनं मांडली होती. वारा होता, म्हणून कागदांच्या कोपऱ्यांवर तिनं काल्यासाठी आणलेले पेरू ठेवले होते. अनंता सप्ताहाचा कारभारी. तो येता-जाता दोन पेरू उचलून पाटीत टाकायचा, म्हणायचा, देवाचं फळ कागदावर ठेवतात का गो, आणि प्रत्येक वेळी एक अस्वल उडून अंगणात जाऊन पडायचं.

अस्वल सगळ्या पानांवर एकच. डावा कान फाटलेला, छातीवर फिक्कट चांदवा. अंगावरचे केस काढायला रुपाली ब्रश जवळजवळ कोरडा करायची आणि काजळाच्या शाईला नुसता टेकवायची. मग एका फटकाऱ्यात पन्नास केस उमटायचे. दोन पानांच्या मधल्या शिवणीत कुणाचा चेहरा तिनं येऊ दिला नव्हता. आणि उजव्या पानाच्या कडेला अस्वलाचा एक पाय नेहमी बाहेर निघालेला, म्हणजे बघणाऱ्या पोराचा हात आपोआप पान उलटायला जावा. पहिल्या पानावर अस्वल जागं होतं तर त्याची झोप जागेवर नाही. मग ते विचारत सुटतं. साळींदराला विचारतं, पिंगळ्याला विचारतं, काळू नदीला विचारतं, माझी झोप कुणी पाहिली का? कुणी पाहिलेली नसते. शेवटी रानाच्या कडेला एक घर लागतं, आत चूल पेटलेली, आणि अस्वल दार वाजवतं.

एवढी अकरा चित्रं झाली होती. बाराव्यात घर होतं, कुडाच्या भिंती होत्या, कौलांवर चांदणं होतं, दाराची चौकटही होती. चौकटीच्या आत कोरा कागद.

कारण पुढं काय होतं ते घरात कुणाला ठाऊक नव्हतं.

गोष्ट घरचीच. कमळच्या, म्हणजे रुपालीच्या आईच्या, माहेरची. कमळच्या मोठ्या बहिणीनं, बारकीमावशीनं, ती घरातल्या एकूण एक पोराला सांगितली होती, आणि एकूण एक पोर दार वाजेपर्यंत झोपलं होतं. पुस्तक ठरल्यापासून रुपाली मावशीकडं तीनदा मुक्कामाला गेली. तिन्ही वेळा तिलाही झोप लागली. तिसऱ्या वेळी तिनं मोबाइलवर आवाज भरून ठेवला होता. त्यात मावशी म्हणते, “आणि अस्वलानं दार वाजवलं…” मग शांतता, मग रुपालीचंच घोरणं, मग मावशी हळूच म्हणते, “झोपली.” आणि दिवा बंद केल्याचा आवाज.

काल संध्याकाळी पुण्याहून संपादकबाईंचा फोन आला होता. बाई गोड बोलतात, त्यामुळं जास्त भीती वाटते. “उद्या बाराला पुस्तक छापायला जातंय, रुपाली. शेवटचं पान आलं नाही तर या खेपेला तुझ्या जागी मला दुसरं पुस्तक लावावं लागेल.” पुन्हा कधी, ते त्या बोलल्या नाहीत.

रुपालीनं याच पुस्तकासाठी कल्याणच्या फ्लेक्सच्या दुकानातली नोकरी सोडली होती. चार वर्षं तिनं नवरदेवांच्या चेहऱ्यांवरचे डाग पुसले होते आणि वाढदिवसाच्या बॅनरवर वाघ चिकटवले होते. तिची खुर्ची शेटनं अजून तशीच ठेवली आहे, हे प्रणित तिला आठवड्यातून एकदा तरी सांगायचा. प्रणित बारकीमावशीचा मुलगा; आसनगावहून रोज कल्याणला त्याच दुकानात जातो. आज दुकान बंद म्हणून तो शेटला न विचारता स्कॅनर पिशवीत घालून घेऊन आला होता.

*

कमळ स्वयंपाकघरात लाह्या पाखडत होती, आणि तिच्या मनात राग होता. लेकीवर नव्हता, बहिणीवर होता. एक शेवट सांगायचा तर बारकीचा किती तोरा. कमळनं मघाशीच आपला शेवट सांगून टाकला होता: बाई दार उघडते, तिच्याच उशाखाली अस्वलाची झोप सापडते, ती काढून देते, संपलं.

“आणि ती बाई मग काय करते जन्मभर, झोप देऊन टाकून?” भिमीनं विचारलं. भिमी कमळची भावजय, महादूमामाची बायको; ती काल संध्याकाळीच मदतीला आली होती.

“काय करते म्हणजे? संसार करते. त्यात कुठं झोप लागते?”

भिमीला हे पटलं. मग तिनं सांगितलं, की तिच्या माहेरी टोकावड्याला हीच गोष्ट आहे, फक्त अस्वलाच्या जागी कोल्हा आहे आणि झोपेच्या जागी शेपूट. अनंता पेरू न्यायला आला होता, त्याच्या मते अस्वल वाट चुकून सप्ताहाला येतं, कीर्तन सुरू होतं आणि अभंगाच्या दुसऱ्या चरणाला त्याला जी झोप लागते ती थेट काल्याला उघडते. कमळ म्हणाली, हे अस्वल मी परवा बघितलं, पहिल्या रांगेत होतं, मंडळाचा बिल्ला लावून. प्रणितच्या शेवटात फॉरेस्टवाले आले आणि त्यांनी लांबून इंजेक्शन मारलं.

रुपाली पेन्सिल हातात धरून ऐकत होती. तिच्या ध्यानात आलं, की कुणीच खोटं बोलत नाहीय. जो तो गोष्ट ऐकता ऐकता झोपला होता, आणि पुढचं ज्याचं त्याला स्वप्नात दिसलं होतं.

“तुमी सगळी वाढवून सांगता,” पडवीतून बारकीमावशी बोलली. ती सूप मांडीवर घेऊन बिरड्यासाठी वाल सोलत होती. “मला म्हाईत हाय खरा शेवट. पण दिवसा नाय सांगाची गोष्ट. मामा वाट चुकतो.”

झालं. हा नियम घरात सगळे पाळत आणि त्याला कारण होतं. रुपालीचे कान टोचले त्या दिवशी लहानग्या प्रणितनं हट्ट धरून दुपारी एक दुसरीच गोष्ट सांगायला लावली होती, आणि महादूमामा भातसानगरहून निघालेला माळशेजच्या घाटात सापडला होता, कान टोचायची तार खिशात घेऊन. मामा भातसानगरला धरणावर नोकरीला आहे. कुठलं दार किती उघडायचं हे त्याला झोपेत विचारलं तरी सांगता येईल. रस्त्याचं मात्र त्याला कधी जमलं नाही.

आणि आज तो एकटा नव्हता. सकाळी आटगाव स्टेशनवर कीर्तनकार सुदाम महाराज उतरणार होते, आणि त्यांना आपल्या इको गाडीत घालून दहाच्या आत मंडपात आणायचं काम अनंतानं मेहुण्याला दिलं होतं. हे काम त्याला का दिलं, यावर घरात तीन दिवस वाद चालू होता.

“नको सांगू गो बारके,” भिमी लगेच म्हणाली. “माझा नवरा हाय रस्त्यावर.” म्हणजे लाह्या पाखडताना कमळच्या बाजूची असलेली भिमी आता बारकीच्या बाजूला गेली. अनंताही गेला, महाराजांचा प्रश्न होता. कमळ आणि रुपाली दोघीच उरल्या. मग प्रणितनं पक्ष बदलला. म्हणाला, मामाच्या फोनमध्ये मी स्वतः मॅप लावून दिलाय, आटगाव ते शिसवपाडा, बाई बोलते त्यात, डावीकडं वळा, उजवीकडं वळा. मामा चुकेल, बाई कशी चुकेल?

“बाईला मामा म्हाईत नाय अजून,” भिमी म्हणाली.

बारकी वाल सोलत राहिली. तेव्हा कमळनं शेवटचा दगड उचलला. “कशाला मामावर ढकलतेस? तुला येतच नाय शेवट.”

बारकीच्या बोटातला वाल सुटून अंगणात गेला. तिनं सूप बाजूला ठेवलं, पदर खोचला, आणि म्हणाली, “बसा खाली सगळी. परत बोलाचं नाय मला.”

*

सव्वानऊचं ऊन पडवीत गुडघ्यापर्यंत आलं होतं, आणि अशा उन्हात ती गोष्ट त्या घरात पहिल्यांदाच सांगितली जात होती. सगळे बसले. अनंता हातात पेरू घेऊन उभ्याचा बसला. बारकी सांगायला लागली की तिचा आवाज बदलतो, हे घरात सगळ्यांना माहीत असून कुणी कधी जागेपणी नीट ऐकलं नव्हतं. साळींदराला ती नाकात बोलायची. पिंगळ्याला दोन शब्दांच्या मध्ये थांबवायची. नदीचं बोलणं तर बोलणं नव्हेच, लांब हेल होता, कीर्तनात टाळ थांबल्यावर मागं जो नाद उरतो तसा. रुपाली ऐकत होती आणि समोरच्या चित्रात तिला आपली चूक दिसली: नदीच्या पानावर तिनं पाणी फार भरलं होतं. एवढ्या आवाजाला पाणी कमी लागतं.

भिमी चित्रांकडं पाहत मध्येच पुटपुटली, “हे अस्वल कुणासारखं बसलंय गो?” सगळ्यांनी तिला गप्प केलं.

“…रानाच्या कडेला एक घर. आत चूल पेटलेली. अस्वल दाराशी आलं. आणि अस्वलानं दार वाजवलं…”

बारकी थांबली. सात जन्मांत कुणी जागं नव्हतं ते सगळे आज टक्क जागे होते. प्रणितनं तर तोंड उघडं टाकलं होतं. बारकीनं खोचलेला पदर पुन्हा खोचला. म्हणाली, “वाजवलं म्हंजे कसं, जोरात नाय, हळूच…” आणि तिथं पुन्हा थांबली.

फोन वाजला. भिमीचा. तिनं घाईत स्पीकर लावला.

“भिमे,” मामाचा आवाज आला, मागं गाडीचा घरघराट. “खुटघरजवळ एक लय झ्याक रस्ता लागला. मॅपवाली बाई परत फिरा परत फिरा म्हणती, पर हितं फिराला जागाच नाय. कुणी समोरनं बी येत नाय. महाराज म्हणतात, हा समृद्धीचा रस्ता, कसाऱ्याच्या डोंगराखालनं जातो. आता समोर बोगदा आलाय—”

आणि आवाज गेला.

पुढचं मिनिटभर काय झालं ते क्रमानं सांगता येणार नाही. भिमी कमळला म्हणाली, तुझ्यापायी. कमळ प्रणितला म्हणाली, तुझी बाई. प्रणितनं हिशेब केला, पुढं बाहेर पडायला इगतपुरीलाच मिळेल, तिथून फिरून यायचं, म्हणजे अकरा तर वाजलेच. अनंतानं हातातला पेरू खाल्ला, देवाचा आहे हे विसरून, आणि मंडपाकडं पळत सुटला. सगळे कमळवर आणि रुपालीवर उलटले. बारकीला कुणी काही बोललं नाही. उलट भिमी म्हणाली, बिचारी नको नको म्हणत होती.

*

बारकी सूप उचलून मागच्या दारी दगडावर जाऊन बसली.

तिला हायसं वाटलं होतं, आणि त्याची तिला लाज वाटत होती. भाऊ डोंगराच्या पोटात, गावात कीर्तन खोळंबलेलं, आणि हिच्या मनात पहिल्यांदा आलं काय, तर बरं झालं फोन आला. देवा, तिनं मनात म्हटलं, मला काय ते दे, पण माझ्यापायी महादूला काय करू नको.

रुपाली मागून आली. शेजारी बसून मावशीच्या सुपातले चार वाल सोलले. मग फोन काढला आणि ते भरून ठेवलेलं लावलं. ‘आणि अस्वलानं दार वाजवलं…’ शांतता. घोरणं.

“मावशी, मी झोपायच्या आधीच थांबलीस तू,” रुपाली म्हणाली. “घोरणं नंतर सुरू झालंय.”

बारकीनं बराच वेळ वाल सोलले.

“मला बी झोप लागायची गो,” ती म्हणाली.

मग तिनं सांगितलं. आई गेली तेव्हा कमळ तीन वर्षांची, महादू पाच, ती स्वतः दहा. सगळ्यांत थोरली सावळी, सोळाची. तिनं तिघांना वाढवलं, आणि दहा वर्षांनी एका तापात गेली. लग्न राहिलं, फोटो काढायचाही राहिला. गोष्ट सावळीची. दिवसभर भात लावून आलेली पोरं, दार वाजेपर्यंत कुणी जागं राहायचंच नाही. सावळी गेल्यावर पोरांना गोष्ट सांगायची पाळी बारकीवर आली, आणि पहिल्याच रात्री दार वाजलं आणि तिला कळलं, पुढचं आपल्याकडं नाही. पण पोरं झोपली होती. दुसऱ्या रात्रीही झोपली. चाळीस वर्षं झोपत होती. नियम तर खराच होता, तोही सावळीचाच. तो आयता कामाला आला.

“तुज्या पुस्तकावर माझं नाव घालणार ना तू,” बारकी म्हणाली. “मला सांगवेना.”

रुपाली पडवीत आली. दहा वाजून गेले होते. तिनं पेन्सिलीनं चौकटीत कमळचा शेवट काढून पाहिला: उशी, बाई, झोपेचं गाठोडं. छान दिसत होता. पुसला. अनंताचं झोपलेलं अस्वल काढलं, त्याला टाळही दिले. तेही छान दिसत होतं. संपादकबाईंना कळणारही नव्हतं. तिनं तेही पुसलं. कागद पुसून पुसून तिथं लवदार झाला होता. अजून एकदा खोडलं असतं तर वर दिलेला रंग फुटून पसरला असता.

*

मंडपात भजनी मंडळ एकच चाल तासभर ओढत होतं. पखवाजवाल्यानं दोनदा हात झटकून दाखवले. बायका टोपल्या घेऊन बसल्या होत्या, काल्याची हंडी वर टांगलेली, आणि पोरं तिच्याखाली मान वर करून उभी. शेवटी अनंता माइकसमोर गेला. खोटं बोलायचं त्याच्या मनात होतं; गाडी पंक्चर झाली असं काहीतरी. पण गळ्यात वीणा होती. वीणा गळ्यात असताना त्याला जमेना.

“महाराज मेव्हण्याच्या गाडीत हायत,” तो म्हणाला, “आणि आमच्या घरात सकाळी कुणीतरी गोष्ट सांगितली.”

मंडपात एकदम सगळ्यांना समजलं. पुढं कुणाला काही विचारावंसं वाटलं नाही. मागून एक म्हातारी एवढंच म्हणाली, कुठपर्यंत सांगितली? अनंता म्हणाला, दार वाजलं तिथपर्यंत. म्हातारी म्हणाली, मग येईल, अर्ध्यावर हाय तो. आणि भजन परत सुरू झालं, या खेपेला जरा जोरात, बोगद्यात ऐकू जावं इतकं.

*

अकराला पाच कमी असताना इको मंडपासमोर थांबली. सुदाम महाराज उतरले ते खूश होऊन. त्यांनी बोगद्यात काच खाली करून नाव घेतलं होतं आणि ते दोन्ही बाजूंनी परत आलं होतं; असा कोरस, म्हणाले, मला कुठल्या गावानं दिला नाही. ते थेट कीर्तनाला उभे राहिले आणि मंडप विठ्ठल विठ्ठल करून उठला.

महादूमामा मात्र घराकडं आला. त्यानं भिमीचं बोलणं खाली मान घालून ऐकून घेतलं, तांब्याभर पाणी प्यायला, आणि पडवीत बसला: पाठ भिंतीला, एक गुडघा वर, एक पंजा छातीवर. दम लागला की तो असाच बसतो. लहानपणापासून त्याला दमा. अंथरुणावर आडवा होऊन तो कधी झोपलेला कुणी पाहिला नाही.

रुपालीनं त्याच्याकडं पाहिलं. मग ओळीनं मांडलेल्या अकरा अस्वलांकडं पाहिलं. जिथं जिथं ते बसलं होतं, तिथं पाठ कशाला तरी टेकलेली, एक गुडघा वर, एक पंजा छातीवर.

“सकाळपासनं तेच म्हणते मी,” भिमी म्हणाली. “कोण ऐकतंय.”

मामाला त्यात काही वाटलं नाही. तो चित्रं बघत बघत शेवटच्यापर्यंत आला आणि कोऱ्या चौकटीवर बोट ठेवून सहज म्हणाला, “हितलं अस्वल आन् पोरगा राह्यला का काढायचा?”

“कोण पोरगा?” रुपाली म्हणाली.

“कोण म्हंजे? शेवटातला.”

कमळ लाह्यांचं सूप घेऊन दारात उभी होती, ती तशीच राहिली. बारकी मागच्या दारातून पुढं आली. “म्हादू,” ती म्हणाली, “तुला म्हाईत हाय?”

“तुमाला नाय?” मामानं सगळ्यांकडं पाहिलं. “मला वाटलं सगळ्यांना म्हाईत हाय.”

“सांग,” कमळ म्हणाली. बारकीचा हात सवयीनं वर झाला, दिवस हाय रे, सांगू नको. तेव्हा महादू हसला. “मामा मीच ना गो? मी पोचलो घरी. आता खुशाल सांगा.”

बारकीनं हात खाली घेतला. आणि महादूनं सांगितलं. त्याला बारकीसारखे आवाज काढता येत नव्हते. त्यानं धरणावरचा निरोप सांगावा तसं सांगितलं.

“अस्वल दार वाजवतं. हळूच, कारण घरात पोरं निजलेली. थोरली दार उघडते. अस्वल म्हणतं, माझी झोप हितं आलीय का? थोरली म्हणते, आली होती, पण मी ती पोरांना वाटून टाकली. बघ, कशी गाढ हायत. एवढी मोठी झोप, पण वाटता वाटता एक पोर राह्यलं. त्याला पुरली नाय. तो बघ, भिंतीला टेकून बसलाय. तर आता असं कर, झोप तर गेली, तू त्याच्याजवळ बस. अस्वल बसतं. पोरगा विचारतो, तुला बी झोप नाय? अस्वल म्हणतं, नाय. पोरगा म्हणतो, मग बरं झालं आलास. आन् सकाळपर्यंत दोघं बसतात. संपली.”

मंडपातून मृदंगाचा आवाज येत होता. कमळ आधी एवढंच म्हणाली, “आमी झोपलो की तुला एकट्याला सांगायची व्हय.” त्यात जरा हेवा होता. मग तिनं सूप खाली ठेवलं आणि पदर डोळ्यांना लावला.

“थोरली असं म्हणायची गोष्टीत?” बारकीनं विचारलं. “थोरली दार उघडते?”

“हो. पाठीवर हात फिरवत सांगायची. मला श्वास नाय घेता आला की परत पहिल्यापासनं.”

“ती गोष्ट होती, का तुझ्यासाठी लावलेली?”

“ते मला काय म्हाईत. मी पाच वर्षांचा.”

*

पाऊण तास होता. रुपालीनं पेन्सिल घेतलीच नाही. लवदार झालेल्या कागदावर तिनं थेट ब्रश टेकवला, कोरडा, आणि चौकटीत उंबऱ्यावर पाठमोरं अस्वल बसवलं. त्याला टेकून एक किडकिडीत पोरगा, एक गुडघा वर, एक पंजा छातीवर. आत चुलीचा उजेड, एका गोधडीत दोन पोरी, आणि त्यांच्यापलीकडं चुलीकडं तोंड करून बसलेली एक बाई.

तोंड कसं काढू, तिनं विचारलं. तिघंही भावंडं विचारात पडली. बारकी म्हणाली, केस दाट होते. कमळ म्हणाली, हात गरम असायचे. महादू म्हणाला, चुलीकडं बघतच सांगायची, मला तर तिची पाठच जास्त आठवते. तेव्हा पाठच राहिली. पदर कमरेला खोचलेला, मान जरा डावीकडं.

“ही थोरली,” कमळ म्हणाली. अजून रंग ओला होता.

मग दोघी बहिणी गोधडीतल्या पोरींवर वाकल्या. तोंड उघडं टाकून झोपलेली ती तू, बारकी म्हणाली. कमळ म्हणाली, तोंड उघडं तुझं असायचं, तुझ्या पोराचं बघ, सकाळी तसंच होतं. प्रणितनं तोंड मिटलं आणि स्कॅनरचं झाकण उघडलं. रंग पुरता वाळायची वाट बघवत नव्हती. भिमीनं सुपानं वारा घातला. अकरा वाजून बावन्न मिनिटांनी चित्र पुण्याला गेलं.

बारा वाजता संपादकबाईंचा फोन आला. त्या म्हणाल्या, हे अस्वल पहिल्या पानापासून या पोरासारखंच बसतंय, तुला शेवट आधीच माहीत होता तर सांगायचंस ना. बारकीनं फोन रुपालीच्या हातातून घेतला, आयुष्यात पहिल्यांदा पुण्याच्या माणसाशी बोलली, आणि नीट एकेक शब्द म्हणाली, “पुस्तकावर माझं नाव घालू नका. गोष्ट सावळीची. सा-व-ळी. मी गोधडीत हाय.”

मंडपात हंडी फुटली. दहीलाह्या कुणाच्या डोक्यावर, कुणाच्या तोंडात. सगळे तिकडं पळाले. महादू तेवढा पडवीत राहिला, भिंतीला टेकून, आणि चित्र वाळतंय का ते बघत बसला. बसल्या बसल्या त्याचा डोळा लागला.

तर मंडळी, पुस्तक छापून येईल तेव्हा येईल. घरी पोरांना ही गोष्ट सांगाल, तेव्हा दार वाजलं की लगेच दिवा मालवू नका. एखादं पोर भिंतीला टेकून जागं असतं. त्याच्यासाठी शेवटपर्यंत सांगा. आणि सांगून झालं, की चुलीकडं तोंड करून बसलेल्या त्या बाईची एकदा आठवण काढा. फोटो नाही तिचा. नाव सावळी.